वितळणारी तार

आमच्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं सिगारेट ओढल्याचें मला ठाऊक नाहीं. वडील तपकीर ओढीत. आमच्या परभणीकडचा शेतकरी तंबाखूला चुना चोळून ती दाढेखालीं धरतो, त्याला काडीपेटीचीही गरज पडत नाहीं. तरीही आमच्या मोटारीच्या पुढल्या फळींत एक वाटोळें भोंक आहे, आणि त्याला सगळे 'सिगारेट लायटरचा सॉकेट' असेंच म्हणतात. पूर्वीं त्यांत एक खुंटी असे. ती दाबली कीं आंतली तार तापून लाल होई, उष्णतेनें एक पट्टी वांके आणि खुंटी आपली आपण बाहेर उडे. आतां पुष्कळ गाड्यांबरोबर ती खुंटी येतच नाहीं. भोंक उरलें, नांव उरलें, आणि लोक त्यावर फोन चार्ज करतात, चाकांत हवा भरतात. आमच्या अक्काचा तर श्वासच एकदां त्या भोकापाशीं येऊन अडला.

अक्का माझी थोरली बहीण. फुप्फुसाच्या दुखण्यामुळें तिला प्राणवायूचें एक लहान यंत्र जवळ बाळगावें लागतें. तें हवेंतला नत्र बाजूस सारून प्राणवायू पुरवितें. प्रवासांत बॅटरीवर चालतें आणि मोटारीच्या सॉकेटलाही जोडतां येतें. गेल्या वैशाखांत तिला तपासणीसाठीं गंगाखेडहून परभणीस आणीत होतों. भाचा गाडी चालवीत होता. गोदावरीच्या पुलावर अक्कानें रिवाजाप्रमाणें रुपया काढला. पण काच उतरेपर्यंत तो बोटांतून निसटला आणि पूलही सरला. पुढें भाच्यानें यंत्राची वायर सॉकेटांत बसविली.

पोखर्णीजवळ यंत्र टुकटुक वाजूं लागलें. बॅटरी वीस मिनिटांची उरली होती, आणि परभणी अर्ध्या तासावर. एका चहाच्या टपरीशीं गाडी सावलींत उभी केली. भाच्यानें त्याच भोकांत फोनचा चार्जर लावून पाहिला, तोही मुका. म्हणजे दोष यंत्रांत नव्हता. मग किल्ली काढून त्यानें बॅटरीच्या उजेडांत आंत पाहिलें, आणि तळाशीं अक्काचा रुपया तिरपा बसलेला दिसला! तळाच्या मध्यभागीं बॅटरीचें धन टोंक आणि भोंवतालची भिंत ऋण; रुपयानें दोघांची गांठ घालून दिली होती. खराट्याच्या दोन काड्यांचा चिमटा करून तो काढला. स्टीअरिंगखालच्या पेटींत पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज होता. त्याच्या पोटांतली पट्टी मधोमध तुटलेली.

मी इंग्रजीचा अध्यापक; शब्दांकडे लक्ष जाण्याची खोड अशा वेळींही सुटत नाहीं. इंग्रजींत 'फ्यूज' हे दोन निराळे शब्द आहेत. सुरुंगाच्या वातीचा फ्यूज लॅटिनमधल्या चातीवरून, म्हणजे सूत कातण्याच्या चातीवरून, आला. विजेचा फ्यूज वितळण्यावरून. एक स्फोट घडवितो, दुसरा टाळतो. आपण मराठींत मात्र 'फ्यूज उडाला' म्हणतों. वितळून मेलेल्या बिचाऱ्याला पांखराची उपमा!

पेटींत जादा फ्यूज नव्हता. टपरीवाला मोठा मायाळू. "सर, सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळा अन् बसवा. परभणीपत्तुर कांहीं होत नाहीं." अक्काच्या ओठांकडे पाहून माझा हात त्या चांदीकडे वळलाच असता, पण भाचा म्हणाला, "मामा, नको. फ्यूज यंत्रासाठीं नसतो, आंतल्या वायरीसाठीं असतो." त्याचें खरें होतें. चांदींतून वीज वाहिली असती. पण पुन्हां कांहीं बिघडतें तर वितळायला ठरलेली जागा उरली नसती, आणि फळीमागची वायर तापली असती, तीही प्राणवायूची नळी नाकाशीं असलेल्या माणसाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. प्राणवायूनें साध्या ठिणगीचाही वणवा होतो.

शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानांत निळा फ्यूज नव्हता. वीसाचा पिवळा होता आणि दहाचा लाल. दुकानदार पिवळा पुढें करीत होता, "मोठा आहे, टिकेल." भाच्यानें यंत्राच्या वायरीवरची चिठ्ठी वाचली: बारा व्होल्ट, आठ अँपिअर. त्यानें लाल उचलला. लहान फ्यूज फार तर वितळेल. मोठा वितळणार नाहीं, हीच त्याची भीति. पूर्वीं कॉलेजांत ओहमचा नियम मींही घोकला होता. पण तो कोणाच्या श्वासासाठीं लागूं होतांना प्रथमच पाहिला.

किल्ली फिरली, यंत्रावर हिरवा दिवा लागला. अक्का कांहीं वेळ डोळे मिटून होती. मग हळूच म्हणाली, "गंगेला द्यायचं ते तुमच्या गाडीनंच गिळलं होतं कीं रे."

लाल फ्यूज परभणीपर्यंत टिकला. संध्याकाळीं भाच्यानें निळा आणून बसविला आणि लाल पेटींत जपून ठेवला. रुपया अक्कापाशीं आहे. ठिणगीनें त्याची कड काळवंडली आहे. परततांना गंगामाईला हाच द्यावा कीं दुसरा स्वच्छ द्यावा, याचा विचार ती दोन दिवस करीत होती.