आईच्या माहेरची वाट

प्रवासाहून परतणारा मनुष्य घरच्यांसाठी काहीतरी घेऊन येतो. पूर्वी गोव्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत काजू, दोदोल, सुके बांगडे असत. हल्ली पाहुणा खिशात चित्रे घेऊन येतो आणि चहा होईपर्यंत ती दाखवून मोकळा होतो. परंतु ज्याला प्रवास करणे आता शक्य नाही, अशा माणसासाठी त्या वाटेवरचा सारा प्रवासच घरी आणता येईल काय? गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

आमच्या आईचे माहेर दिवाडी बेटावर. 1964 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लग्न होऊन ती आमच्या खानापूर तालुक्यात आली. 1955 साली गोव्याच्या सीमेवर बंद पडलेली रेल्वे वाहतूक गोवा मुक्त झाल्यानंतर पुन्हा सुरू झाली होती; त्याच गाडीने घाट चढून नवी नवरी सासरी आली. आज तिचे वय ब्याऐंशी आहे. गुडघ्यांनी तिला खाटेशी जखडून ठेवले आहे. एके दिवशी ती सहज म्हणाली, “फेरीबोटीतून उतरल्यावर घरापर्यंतची वाट आता डोळ्यांसमोर नीट येत नाही रे. मध्येच तुटते.”

त्याच सुमारास आखातात नोकरीला असलेला माझा भाचा सुट्टीवर आला होता. त्याने आपला छोटा कॅमेरा माझ्या हाती ठेवला आणि म्हणाला, “मामा, आजीला वाट दाखवायची ना? मग हा घेऊन जा.”

दोन-तीन काड्यापेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढा त्याचा आकार, आणि वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. या जातीच्या कॅमेऱ्यांना ‘अॅक्शन कॅमेरा’ म्हणतात. त्यांचा जन्म समुद्राच्या लाटांवर झाला म्हणावयास हरकत नाही. कॅलिफोर्नियातील निक वुडमन या तरुणाला फळीवरून लाटांवर स्वार होण्याचा नाद होता. ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियाच्या सफरीत, लाटेवर असतानाच छायाचित्र घेता यावे म्हणून कॅमेरा मनगटाला बांधण्याची युक्ती त्याला सुचली. 2002 साली त्याने ‘गोप्रो’ ही कंपनी काढली आणि 2004 साली तिचा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो साध्या 35 मिलिमीटर फिल्मचा होता. पुढे फिल्म गेली, चलच्चित्र आले. 2016 साली त्या कंपनीने वेगळ्या डबीशिवायही दहा मीटर खोल पाण्यात चालणारा कॅमेरा काढला. 2018 साली हादरे शोषून चित्र स्थिर ठेवण्याची प्रभावी सोय आली. आज इतरही कंपन्या असे कॅमेरे बनवितात. लाटांसाठी निघालेले हे यंत्र आता पावसात, धुळीत, बसच्या खिडकीत आणि होडीच्या काठावर प्रवाशांची सेवा करीत आहे.

ऑगस्ट महिन्यातील एका सकाळी मी लोंढ्याला गाडीत बसलो. कॅसलरॉक सुटल्यावर घाट सुरू होतो. 1888 साली वाहतुकीस खुला झालेला हा मार्ग सदतीस फुटांस एक फूट अशा तीव्र उताराने कुळ्याकडे उतरतो. आई आली तेव्हा येथे वाफेचे इंजिन आणि अरुंद मीटरगेज रूळ होते. 1990 नंतरच्या दशकात त्यांची जागा रुंद रुळांनी घेतली. बोगद्यांचा अंधार आणि हिरव्या दऱ्यांचा उजेड मात्र अजून तसाच आळीपाळीने डब्यात येतो.

डब्यातील काही तरुण दारात लोंबकळत चित्रे घेत होते. जिवाशी खेळण्याचा तो प्रकार मला मानवण्यासारखा नव्हता. मी कॅमेरा चिमट्याने खिडकीच्या गजाला आतल्या बाजूस बसविला, वर एका दोरीने गजाला बांधूनही ठेवला. चिमटा निसटला तरी दोरीने कॅमेरा वाचतो, ही भाच्याची शिकवण. दुधसागर आला. तीनशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळणारा तो शुभ्र प्रपात, त्याच्या मधून जाणारा रुळांचा पूल आणि साऱ्या डब्यात उसळलेला आनंदाचा कल्लोळ! आई हे पाहून हरखून जाईल, असे मनाशी म्हणत मी स्वस्थ बसलो. नंतर पाहतो तो काय, भिंगावर पावसाचा एक टपोरा थेंब बसला होता आणि सारा दुधसागर त्यात विरघळून गेला होता. भिंग बोटाच्या पेरापेक्षा मोठे नसते. त्यामुळे एक थेंब सबंध डोंगर झाकू शकतो. पावसात निघणाऱ्याने खिशात सुती फडके ठेवावे आणि दर खेपेस भिंग पुसावे, हा धडा मी दुधसागर गमावून शिकलो.

दुसरी चूक मडगावला केली. कॅमेरा पट्ट्याने छातीवर बांधला आणि तो सुरूच ठेवला. हात मोकळे राहतात, चालण्याची लय चित्रात येते, हे खरे. परंतु यंत्राला निवड कळत नाही. मडगावचे बसस्थानक, कंडक्टरची शिट्टी, पणजीतील गर्दी, माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थाची पाठ, या सर्वांचे त्याने निष्ठेने चित्रण केले. उच्च प्रतीच्या चित्रणाचे एक मिनिट अर्धा ते पाऊण जीबी जागा खाते. 64 जीबीचे कार्ड दीड-दोन तासांत भरते. बॅटरी तर त्याहून लवकर संपते. जुन्या गोव्यात विजरईच्या कमानीखालून धक्क्याकडे उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एकच भरलेली बॅटरी उरली होती आणि ज्या वाटेसाठी आलो होतो ती अजून सुरूही झाली नव्हती.

फेरीबोटीत मी शहाणपणा केला. कॅमेरा कठड्याला लावला आणि पैलतीर येईपर्यंत त्याला हात लावला नाही. मांडवीचे गढूळ, भरलेले पाणी, खारफुटीची गर्द झाडी, स्कूटरवर बसूनच नदी ओलांडणारी शाळेची मुले, यंत्राची घरघर. काही मिनिटांचाच तो प्रवास. पलीकडे उतरले की दोन्ही अंगांस खाजन शेते लागतात. भरतीचे खारे पाणी बांधांनी अडवून आणि ‘मानस’ नावाच्या दारांतून त्याची ये-जा सांभाळून, पूर्वजांनी ही जमीन नदीच्या तोंडातून काढून घेतली. खारेपणा सोसणारा कोरगूट जातीचा भात अशाच जमिनीत पिकतो. पुढे वाट पिएदादच्या टेकडीकडे चढते. तेथील चर्चच्या आवारातून खाली नदी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे शुभ्र मनोरे दिसतात.

आईच्या वाड्यात शिरलो तो कॅमेरा छातीवर घेऊनच. एका बल्कावावर दोन वृद्ध स्त्रिया गप्पा मारीत बसल्या होत्या. मला पाहताच एक उठून आत गेली. दुसरीने माझ्या छातीवरील लाल दिव्याकडे पाहिले आणि कठोर स्वरात विचारले, “तूं कोणाचो रे?”

माझी मान खाली गेली. मी कोणाचा हे सांगण्यापूर्वीच त्यांच्या उंबऱ्याचे चित्र घेत होतो! कॅमेरा बंद करून खिशात टाकला, आईचे नाव सांगितले. क्षणभर म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग आत गेलेल्या मैत्रिणीला तिने अशी हाक मारली की शेजारची दारेही उघडली. आईबरोबर शाळेत गेलेल्या, एका विहिरीवर पाणी भरलेल्या त्या दोघी! चहा झाला, चौकशा झाल्या, थोडे रडणेही झाले. मग तिनेच म्हटले, “ते यंत्र काढ आता. मला तिच्याशी बोलायचे आहे.”

या कॅमेऱ्याचे भिंग फार रुंद पाहते. दूरचे माणूस त्यात मुंगीएवढे दिसते. चेहरा हवा असेल तर हातभर अंतरावर जावे लागते. त्यामुळे परक्या माणसाचे चित्र चोरून घ्यावे म्हटले तर ते नीट येतच नाही. आधी जवळ जाता आले पाहिजे, आणि ते परवानगीवाचून जमत नाही. मी कॅमेरा बल्कावाच्या बैठकीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि बाजूला झालो. ती चार मिनिटे बोलली. विहिरीचे पाणी अजून गोड आहे, कोण कोण गेले, कोणाची नातवंडे कोणत्या देशात आहेत, सारे तिने सांगितले.

आईचे घर तेथून चौथे. छप्पर केव्हाच बसले होते. जांभ्या दगडाच्या भिंती, त्यांवर शेवाळ, पुढे बल्कावाचे दोन खांब आणि अंगणात फणसाचे झाड, एवढेच शिल्लक होते. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. हे चित्रण करावे काय? आईच्या मनात ते घर सबंध आहे. ते मी का पाडावे? परंतु वाट मध्येच तुटते म्हणून ती खंत करीत होती. मीही ती मध्येच तोडली तर मग आलो तरी कशासाठी? उरलेली बॅटरी मी त्या घरासमोर संपविली. कॅमेरा गडग्यावर ठेवला आणि तो आपोआप बंद पडेपर्यंत हलविला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री घरच्या टीव्हीवर सर्वांनी ते चित्रण पाहिले. माझ्या चालण्याचा भाग लागताच आई डोळे मिटून म्हणाली, “असा धावतोस का? मला धाप लागते.” कॅमेरा हाताचा कंप ओळखतो आणि चित्राच्या कडा थोड्या कापून तो काढून टाकतो; माणसाच्या मनातील घाई काढून टाकणारे यंत्र अजून निघालेले नाही. फेरीबोट आली तेव्हा ती उशीला टेकून बसली आणि एक शब्द बोलली नाही. मैत्रीण बोलू लागली तेव्हा मात्र आई तिला उत्तरे देऊ लागली. “हो गे, आठवते तर!” असे ती पडद्याला सांगत होती, आणि आमच्यापैकी कोणाला हसू आले नाही.

मग घर आले. खोलीत सारे स्तब्ध झाले. आईने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “खांब वाकलेत का रे?”

मी सांगितले, “नाही आई, खांब सरळच आहेत. हे भिंग फार रुंद पाहते, म्हणून कडेच्या सरळ रेषा त्याला वाकड्या दिसतात.” ते टाळण्यासाठी कॅमेऱ्यात वेगळी सोय असते, ती लावायचे मी विसरलो होतो.

“सरळ आहेत ना? मग झाले,” ती म्हणाली. “छप्पर पडल्याचे मला भावाने मरण्यापूर्वीच कळविले होते. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नव्हते. फणस पाहा केवढा झाला! माझ्या बापाने लावलेला.”

आम्ही तिच्यापासून लपवू पाहत होतो ते तिने आमच्यापासून कित्येक वर्षे लपविले होते.

वाचकहो, आपल्या घरीही आज-उद्या कोणी मुलगा वा भाचा असा लहानसा कॅमेरा घेऊन येईल. तो बाहेर निघताना त्याला चार गोष्टी अवश्य सांगा. भिंग पुसावे, एक बॅटरी राखून ठेवावी, आणि घरी येताच चित्रणाची दुसरी प्रत करून ठेवावी, कारण कार्ड नखाएवढे असते व नखासारखेच हरवते. अंधाऱ्या जागी या लहान कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा करू नये. एका जागी निदान वीस आकडे मोजेपर्यंत स्थिर राहावे. आणि कोणाच्या उंबऱ्यापाशी गेल्यावर आधी आपण कोणाचे ते सांगावे, कॅमेरा मागाहून काढावा.

मैत्रिणीची ती चार मिनिटे आई आता दर रविवारी दुपारी लावावयास सांगते. दुधसागर तिने एकदाही मागितलेला नाही.