सावलीतला चेहरा

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस, एका उंच डोंगराच्या माथ्यावर अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर होय. बाहेर ऊन डोळे दिपवते, आणि कमानीच्या आत पाऊल टाकताच गार काळोख भेटतो. कृष्णधवल छायाचित्र काढणाऱ्याची खरी कसोटी लागते ती येथेच.

मनुष्याचा डोळा मोठा सोयीचा! त्याची बाहुली उन्हात आकसते, अंधारात विस्तारते. फिल्मला ही सोय नाही. जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, एवढेच तिचे धन. ज्या कणांना प्रकाशाचा पुरेसा स्पर्श होतो, त्यांचीच पुढे डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. एकदा रोल चढवला, की छत्तीस चित्रे होईपर्यंत त्याच्या स्वभावानेच चालावे लागते. म्हणून निवड करायची ती डोंगर चढण्यापूर्वी.

१०० वेगाची फिल्म संथ असते. तिचे कण बारीक; भिंतीचा चिरा न् चिरा ती रेखीव टिपते, पण तिला प्रकाश भरपूर हवा. ४०० वेगाच्या फिल्मला त्याच्या चौथ्या हिश्शाइतका प्रकाश पुरतो. मात्र तिचे कण जाड, मोठ्या चित्रात ते रव्यासारखे दिसतात. मग चांगली कोणती? बाजरी चांगली की गहू, असे शेतकऱ्याला विचारले, तर तो आधी जमीन आणि पाणी यांची चौकशी करील. तसेच हे आहे.

डेव्हलपरचीही तीच गोष्ट. डी-७६ या प्रसिद्ध डेव्हलपरमध्ये मेटॉल सावलीतला तपशील जागा करते, हायड्रोक्विनोन उजळ भागांना भरीवपणा देते, आणि सोडियम सल्फाइट कणांचा खरखरीतपणा सौम्य करते. १८९१ साली पेटंट मिळालेले रोडिनल मात्र कडा धारदार ठेवते, कण झाकीत नाही. संथ फिल्मला ते शोभते. जाड कणांच्या फिल्मचा खरखरीतपणा ते उघड करते.

डेव्हलपर साधारणपणे २० अंश सेल्सिअसवर वापरतात. नगरच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून पुष्कळ तापलेले असते. तापलेला डेव्हलपर उतावळा होतो. निगेटिव्हवरील उन्हाचे भाग नको तितके काळे पडतात आणि छापलेल्या चित्रात भिंती कोऱ्या पांढऱ्या दिसतात. अशा वेळी डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ते थंड करावे.

आता समजा, डोंगर चढून दमलेली एखादी आजी कमानीच्या सावलीत टेकली आहे. पाठीमागे लखलखीत भिंत, आणि सुरकुत्यांनी भरलेला तिचा चेहरा अंधारात. भिंतीवरून प्रकाश मोजला, तर भिंत सुरेख येईल. आजी मात्र काळ्या आकृतीपुरती उरेल. पुढे कितीही उत्तम डेव्हलपर आणला, तरी तो चेहरा परत येणार नाही. जे फिल्मवर उमटलेच नाही, ते कोणते रसायन आणून देणार? म्हणून जाणता छायाचित्रकार सावलीपुरता प्रकाश देतो, आणि डेव्हलपरमधील वेळ बेताची ठेवून उन्हाला आवरतो.

भिंत उद्याही तेथेच असेल. आजी पुन्हा डोंगर चढेल, याचा काय भरवसा? कोणती फिल्म, कोणता डेव्हलपर, हे ठरवताना प्रथम ठरवायचे असते ते हेच, की आपल्याला राखायचे आहे काय!