तिरफळ आणि हॉप्स

जुलैतली रात्र होती. कणकवलीत पाऊस नुसता कोसळत होता, आणि अशा वेळी इंग्लंडहून माझ्या पुतण्याचा फोन आला. त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा महिन्यावर आला होता. पाहुण्यांसाठी त्याने इंग्लिश धर्तीची पेल एल ही बिअर घरीच केली होती. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना असे काही करता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र घरच्यापुरती बिअर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. तो म्हणाला, "काका, बिअर आंबून झाली. आता वरून कोरडे हॉप्स घालू की नको?"

मी क्षणभर गप्प राहिलो. त्याचे वडील, माझे थोरले बंधू, दारूपायी अकाली गेले. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली. पुढे व्यसनाविरुद्ध मी कितीतरी प्रवचने दिली. पण या मुलाशी त्या विषयावर एकदाही बोललो नव्हतो.

त्याने आपली अडचण समजावून सांगितली. हॉप्स ही एका वेलीची फुले. ती उकळताना घातली की बिअरला कडवटपणा येतो आणि ती टिकते. परंतु त्यांची सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून किण्वन संपत आल्यावर थंड पेयात पुन्हा थोडी फुले घालतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या पेल एलच्या पिंपांतही ती घालत असत. बेल्जियममधील ओर्व्हाल मठाची बिअर आजही याच रीतीने केली जाते. मठाच्या पुनर्बांधणीला पैसा मिळावा म्हणून १९३१ साली तो कारखाना उभा राहिला. ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथात तर बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. तेव्हा ते पेय मुळातच पाप आहे, असे मला म्हणता येईना.

त्याची भीती निराळी होती. इंग्लिश पेल एलची खुमारी माल्टच्या भाजक्या चवीत आणि यीस्टच्या मंद फळगंधात असते. हॉप्स जास्त झाले तर ती झाकली जाईल. फार दिवस राहिले तर गवताचा वास येईल. भांडे उघडताना हवा शिरली तर सारेच बिघडेल. आणि काहीच न घालावे, तर सणाच्या पेयाला सुगंध कमीच पडेल.

मला आईची बांगड्याची आमटी आठवली. बिया काढलेली तिरफळे ती किंचित ठेचून अगदी शेवटी टाकी आणि भांडे उतरल्यावर वेळेवर काढून घेई. ती म्हणे, "तिरफळाचो वास येवक व्हयो, कडू नको." तिरफळ न घातलेली आमटी तिला आमटी वाटत नसे, पण ते कधी काढायचे, हेही तिला नेमके ठाऊक होते.

मी म्हणालो, "घाल. पण वीस लिटरला तीस ग्रॅमच. स्वच्छ उकळलेल्या कापडी पिशवीत बांध आणि चौथ्या दिवशी न विसरता काढ."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो हळूच म्हणाला, "काका, बाबांना असं कुणी वेळेवर सांगितलं असतं तर?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "पण उशिरा, आणि तेही प्रवचनाच्या सुरात. भावासारखं त्यांच्याजवळ बसून कधी सांगितलं नाही."

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. धर्मगुरू रोज इतरांची पापे ऐकतो. स्वतःचे उणे मात्र फोनवरून पुतण्याला सांगण्याची वेळ माझ्यावर आली. त्याने मला दोष दिला नाही. आपण एका ग्लासावर थांबतो, आणि पाहुण्यांना कोकम सरबतही ठेवणार आहोत, एवढेच त्याने सांगितले.

चौथ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून मी घरात आलो, तेव्हा त्याचा निरोप आला होता: "पिशवी काढली." तेवढे दोनच शब्द वाचून मी पुन्हा देवळात गेलो आणि बंधूंसाठी गुडघे टेकले.