वळताना टकटक कोण करतंय?

सरळ रस्त्यावर गाडी एकदम गुणी बाळ. वळली की मात्र पुढून कुणीतरी बोलायला लागतं. असल्या आवाजांची एक खोड असते, मेकॅनिकसमोर ते हमखास गप्प बसतात. डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तस्संच! मग आपण भर गॅरेजमध्ये तोंडाने 'टक-टक', 'खट्ट', 'घर्रर्र' करून दाखवत उभे. लाजू नका मंडळी. तुमचं बिल किती होणार, हे बऱ्याचदा या नकलेवरच ठरतं.

माझी हॅचबॅक सेकंडहॅण्ड, दहा वर्षांची. सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढताना, यू-टर्न घेताना पुढच्या बाजूने टक-टक-टक सुरू झालं. आणि पुढच्याच शनिवारी आई-बाबांना घेऊन ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला जायचं ठरलेलं. ताम्हिणी म्हणजे वळणावर वळण, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मागच्या सीटवर आई-बाबा असताना 'बघू, चालतंय तोवर चालतंय' म्हणायची हिंमत कुणाला होणार?

आधी एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेले. एसी लाउंज, फुकट कॉफी, सगळं झक्कास. तिथल्या माणसाने एक चक्करही न मारता निकाल दिला, 'मॅडम, स्टेअरिंग रॅक गेलाय. पूर्ण बदलावा लागेल.' एस्टिमेट 28,500 रुपये! तेवढ्या पैशांसाठी किती लेख लिहावे लागतील, हा हिशोब कॉफी संपायच्या आत झाला. मी किल्ली परत मागितली आणि नाना पेठ गाठली.

पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा असला, की पावलं आपोआप नाना पेठेकडे वळतात. तिथल्या एका गॅरेजवाल्या काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. चार प्रश्न विचारले. गाडी उभी असताना वाजतं, की चालताना? अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतं का? वेगाबरोबर टकटक भरभर होते का? आणि खड्ड्यात काय होतं? मग स्वतः शेजारी बसले. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू एक गोल डावीकडे, एक उजवीकडे. खाली उतरून त्यांनी चाकामागे टॉर्च मारला. अ‍ॅक्सलवरचं रबरी बूट फाटलेलं, रिमच्या आतल्या बाजूला काळंकुट्ट ग्रीस उडालेलं. 'ताई, रॅक ठणठणीत आहे. बाहेरचा सीव्ही जॉइंट गेलाय.'

हा सीव्ही जॉइंट काय प्रकार आहे? अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळायची, पुढची चाकं फक्त वळायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढायचं आणि वळायचंही, ही डबल ड्युटी आपल्याकडे घरोघरी पोचली. वळलेल्या चाकालाही न अडखळता ताकद पोचवायची, तर मध्ये लवचीक सांधा हवा. त्यात बहुधा सहा गोळ्या खाचांमधून फिरत असतात. ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर, म्हणून वर रबरी बूट. ते फाटलं की ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि गोळ्यांच्या खाचा झिजायला लागतात. चाक जितकं जास्त वळलेलं, तितका आवाज मोठा. बूट फाटल्याचं वेळेवर दिसलं, तर नवं बूट आणि नवं ग्रीस एवढ्यावर भागतं. टकटक सुरू झाली की मात्र जॉइंटच बदलायचा. तरीही हाच आवाज काढत फिरलं, तर एक दिवस जॉइंट तुटतो. इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि गाडी जागची हलत नाही!

पण प्रत्येक आवाज सीव्ही जॉइंटचा नसतो हं. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि 'टंग' किंवा 'कर्रर' झालं, तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग तपासायला सांगा. तिथे स्प्रिंग अडकते आणि झटक्यात सुटते. खड्ड्यात 'खट्ट' होत असेल तर संशय लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंटवर. हायवेवर वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर, आणि लांब वळणावर तिचा सूर बदलतो? मग व्हील बेअरिंग. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर आधी उजवं बेअरिंग बघायचं. आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासल्यासारखं वाजत असेल, तर टायर आतल्या प्लॅस्टिक लायनरला लागतोय का ते पाहा. कधी कधी एक क्लिप निघालेली असते, बस्स!

यातला बॉल जॉइंट सगळ्यात डेंजर. तो निखळला की चाक आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं. तो संशय असेल तर ऑफिस, मीटिंग, वीकएण्ड सगळं बाजूला ठेवा आणि गाडी उचलून तपासून घ्या.

माझा खर्च पार्ट आणि मजुरी धरून 4,200 रुपये. काकांनी जुना जॉइंट हातात दिला, खाचांमधले खड्डे बोटाला लागत होते. शनिवारी ताम्हिणीत आवाज फक्त बाबांचा, 'हळू घे गं!'

तेव्हा पुढच्या वेळी आवाज आला, की कधी, कुठे, किती वेगात, कुठल्या बाजूला वळताना हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, जमलं तर आवाजही रेकॉर्ड करा. आणि एस्टिमेटवर सही करण्याआधी फक्त एवढंच म्हणा, 'चला, एक चक्कर मारू, तुम्हीच ऐका.' जो गाडीत बसायला तयार नाही, त्याला किल्ली देऊ नका.