माहेरहून आलेलं कार्ड

पहिलं बाळंतपण माहेरी, हा घरचा शिरस्ता. त्यामुळे आमची मुलगी जन्मली नाशिकला आणि तीन महिन्यांची होऊन इंदूरला आली. सोबत झबली, डिंकाचे लाडू आणि दोन दस्तऐवज: सरकारी केंद्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि तिथल्या एका खासगी बालरोगतज्ज्ञांची गुळगुळीत फाइल. चौदा आठवड्यांच्या लशी आता इथे द्यायच्या होत्या. बायको म्हणाली, "हे तू बघ." मी बँकेत आहे, रकान्यांचे कागद आपल्याला सोपे, असं मला वाटत होतं.

कार्डावर जन्माच्या ओळीत बीसीजी, हिपॅटायटिस-बी आणि पोलिओचा 'शून्य' डोस. (जन्मतः पाजलेले थेंब पुढच्या मोजणीत धरत नाहीत, हे कुणी सांगेपर्यंत तो शून्य मला छळत राहिला.) सहा आठवड्यांची ओळ भरलेली. दहा आठवड्यांची कोरी! फाइलमध्ये मात्र त्याच सुमाराची तारीख, आणि तिच्यापुढे स्टिकरं. त्यांवर कंपन्यांनी दिलेली नावं. त्यात पेंटा कुठलं, कुणास ठाऊक.

मंगळवारी सगळं बोचकं घेऊन अंगणवाडीत गेलो. एएनएम दीदींनी पोरीकडे बघण्याआधी विचारलं, "कार्ड लाए हो?" मराठी कार्ड त्यांना कसं वाचता येणार, ही माझी काळजी फुकट गेली. ओळींचा क्रम त्यांना पाठ होता. अडलं ते स्टिकरांपाशी. त्यांनी मला नाशिकच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितलं. तेव्हा उलगडा झाला: ती सहा रोगांची एकत्रित लस होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब हे पेंटातले पाच, वर टोचायचा पोलिओ. शिवाय रोटाचे आणि पोलिओचे थेंब पाजले होते. म्हणजे पेंटाचा दुसरा डोस होऊन गेला होता, फक्त कार्डावर उतरला नव्हता. कार्डाचं अर्धुक केंद्रात राहतं, पण ते नाशिकला. इंदूरच्या दीदींपुढे होता तो आमच्या हातातलाच कागद. त्यांनी कोऱ्या ओळीत तारखा भरल्या, शेजारी 'प्राइवेट' लिहिलं आणि म्हणाल्या, "नहीं तो मैं आज इसे दूसरा ही गिनती."

दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, आणि उशीर झाला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, हेही तिथेच समजलं. मग डाव्या मांडीत पेंटा, उजवीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडात पोलिओ, तोंडात थेंब. पोरीनं अंगणवाडी डोक्यावर घेतली. अर्धा तास थांबा, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, कार्ड जपा: दीदींनी एका दमात सांगितलं.

तेवढ्या अर्ध्या तासात अंगणवाडीच्या ताईंनी वजन घेतलं आणि गुलाबी तक्त्यावर टिंब काढलं. मुलांचा तक्ता निळा, वेगळा. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं तरी मी शेजारच्या बाळाचं वजन विचारत होतोच. ताईंनी मला गप्प केलं: एका टिंबाला अर्थ नाही, दर महिन्याची टिंबं जोडून रेघ वर चढते का ते बघायचं. आडवी झाली, की पट्टा हिरवा असला तरी विचारपूस करायची. ही युक्ती जुनी आहे. डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातल्या खेड्यात काम करताना वाढीचा असाच तक्ता बनवला आणि तो आईच्याच हाती ठेवायचा आग्रह धरला. बाळ जिथे जाईल तिथे आई जाणार, हा त्यातला साधा हिशेब मला पटतो. आमच्या घरात मात्र आता कार्ड माझ्या ताब्यात आहे.

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. तुमची लेक किंवा सून बाळाला घेऊन गाव बदलणार असेल, तर निघण्यापूर्वी खासगी दवाखान्यातल्या सगळ्या लशी सरकारी कार्डावर उतरवून घ्या. आणि लशीचं नाव लिहायला सांगा, कंपनीचं नव्हे.