पाळणा हलण्याआधी गोळीचा विचार

मैत्रिणींनो, रक्तदाबाची गोळी आपण पाहुण्यांसमोर खुशाल घेतो. मनाच्या डॉक्टरांनी दिलेली मात्र डाळीच्या डब्यामागे लपवतो. त्यातून मूल हवं असेल तर विचारूच नका! जो तो सांगतो, "आधी त्या गोळ्या बंद कर."

मला पॅनिक डिसऑर्डर आहे. म्हणजे काही कारण नसताना एकाएकी छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही आणि 'आता आपण जाणार' असं वाटतं. थोड्या वेळानं ते ओसरतं, पण 'पुन्हा येईल' ही धास्ती पाठ सोडत नाही. भाजी आणायला एकटीनं जाणंही मी सोडलं होतं. कार्डिओग्राम, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं, तेव्हा आमचे हे मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले.

पहिली गोळी सोसली नाही. दिवसभर मळमळ आणि गुंगी. दुसरी, पॅरॉक्सेटिन, छान लागू पडली. वर्षभरात मी एकटी एस.टी.नं माहेरी जाऊन आले! मग आम्ही बाळाचा विचार सुरू केला, तशा सासूबाई म्हणाल्या, "आता सोड गं ते औषध. पोटातल्या जिवाला बाधेल." काळजीनंच बोलल्या त्या. मी त्यांनाही डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पॅरॉक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका किंचित वाढतो, असं काही पाहण्यांत दिसलं. 2005 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं तसा इशाराही दिला. म्हणून दिवस राहण्याआधीच ते बदलायचं. सर्ट्रालिन गरोदरपणात पुष्कळ वापरलं गेलेलं औषध आहे आणि अंगावरच्या दुधात ते फार थोडं उतरतं. अगदी निर्धोक असं कुठलंच औषध नसतं; काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी राहतात. पण आईचा आजार उसळला, तिचं खाणं-झोपणं तुटलं, तर तेही बाळालाच सोसावं लागतं ना?

"आणि एकदम सोडलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं. शिवाय आजार उलटण्याची भीती," डॉक्टर म्हणाले.

बदलायला दीड महिना लागला. जुनी हळूहळू कमी केली, नवी 25 मिलिग्रॅमपासून सुरू केली. पहिले पंधरा दिवस पोट बिघडलेलं, हात थरथरत, धडधड उलट वाढलेली! सुरुवातीला असं होतं, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे आधी कळलं होतं म्हणून निभावलं. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घेऊ लागले. पाचव्या आठवड्यात पोट शांत झालं. तोंड जरा कोरडं पडतं, पण तेवढं चालतं. मला सोसेल अशी गोळी हवी होती, जादूची नव्हे.

तुम्हीही याच वाटेवर असाल तर एवढं कराच. मूल हवं असं ठरताच मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही सगळ्या गोळ्या दाखवा. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करा. झटका आला की घ्यायची शांत करणारी गोळी मनानंच रोज घेऊ नका. तिची सवय लागते. गोळ्या चालू असतानाच पाळी चुकली, तर घाबरून त्या फेकू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि फारच एकटं वाटलं, तर 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

आमच्याकडे अजून गोड बातमी नाही. दर महिन्याला वाट पाहणं चालू आहे. पण ती आली की कोणती गोळी, किती, कुणाला विचारायचं, हे सगळं ठरलेलं आहे. तेवढ्यानंही रात्री झोप लागते हो!