कान राखताना

मोटारसायकल घेऊन निघालेल्या मुलाला आई उंबऱ्यावरून हेल्मेटची आठवण करून देते. कानांची आठवण मात्र कोणीच करून देत नाही. डोके झाकले की कानही झाकले गेले, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा वाराच अधिक गर्जू लागतो. हेल्मेटच्या कडांवर, हनुवटीखाली, मानेपाशी हवेचे भोवरे उठतात आणि त्यांचा घोंगाट थेट कानावर आदळतो. हेल्मेट माथा वाचविते. या घोंगाटापासून, विशेषतः त्यातील खर्जाच्या आवाजापासून, ते फारसे रक्षण करीत नाही.

हा आवाज तज्ज्ञांनी मोजला आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल, तर १०० किलोमीटरला सुमारे १०० डेसिबल. अमेरिकेतील ‘नायोश’ ही संशोधन संस्था ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासच सुरक्षित मानते. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला २ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे! वसई फाट्यावरून मनोरपर्यंत रोज जाऊन येणाऱ्या तरुणाने आपला हिशेब आपणच करावा.

आपल्या अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहुधा प्रथम निकामी होतात त्या उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे पुसट होतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. माझे एक वडीलधारे सहकारी धर्मगुरू चाळीस वर्षे मोटारसायकलवरून पाडोपाडी फिरले. वयामुळे म्हणा, वाऱ्यामुळे म्हणा, किंवा दोहोंमुळे, पुढे त्यांना पापनिवेदनाला आलेल्या माणसाची कुजबुज कळेनाशी झाली. प्रवचन ते उत्तम देत. पण लोकांचे ऐकून घेणे त्यांना सोडावे लागले. बोलता येते आणि ऐकता येत नाही, हे दुःख त्यांनी कधी शब्दांत मांडले नाही. मला मात्र ते दिसत असे.

यावरचा उपाय मोठा खर्चाचा नाही. होमरच्या ‘ओडिसी’त खलाशांच्या कानांत मेण घातले जाते. त्याच कथेवरून स्फूर्ती घेऊन बर्लिनच्या मॅक्स नेग्वर यांनी १९०७-०८ च्या सुमारास मेणकापसाचे इअरप्लग विक्रीस आणले. त्या खलाशांना गाणे ऐकू येऊ नये म्हणून कान बंद करावे लागले; आपल्याला ते उद्याही ऐकू यावे म्हणून करायचे आहेत.

आज सर्वांत स्वस्त मिळतात ते मऊ फोमचे. वेष्टनावर सुमारे ३० डेसिबल संरक्षण लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात निम्मेच धरावे. तेवढेही पुष्कळ आहे. सिलिकोनचे धुऊन पुन्हा वापरता येतात. काहींत बारीक गाळणी असते, तिच्यामुळे बोलणे अधिक स्पष्ट राहते. नित्य लांबचा प्रवास करणाऱ्याने श्रवणतज्ज्ञाकडून कानाच्या मापाचे करून घ्यावेत. इअरप्लग कानाबाहेर डोकावणारा नसावा. नाहीतर हेल्मेट घालताना तो सरकतो. कापसाचा बोळा मात्र या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे.

फोमचा इअरप्लग नुसता कानात खुपसून चालत नाही. स्वच्छ, कोरड्या बोटांनी तो वळून वातीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढावी, इअरप्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. काढताना हळूहळू पिळत काढावा. झटका दिल्यास पडद्याला इजा होऊ शकते. मळलेला फेकून द्यावा. कान वाहत असेल किंवा आधीच कमी ऐकू येत असेल, तर प्रथम डॉक्टरांना विचारावे.

‘मग हॉर्न कसा ऐकू येणार?’ असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. वेगात असताना हॉर्नला झाकून टाकतो तो वाराच. इअरप्लग दोहोंचा जोर कमी करतो, म्हणून हॉर्न वेगळा ओळखू येतो, आणि कानही थकत नाही. गल्लीबोळांत, बाजारात, सावकाश जाताना मात्र ते काढून ठेवावेत. गाण्यांसाठी कानात घालतात ते इअरफोन म्हणजे इअरप्लग नव्हेत. वाऱ्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढविणारा कानावर दुहेरी भार घालतो.

आपल्याकडे नवी गाडी आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणतात. मी पवित्र पाणी शिंपडतो, हेल्मेट कुठे आहे ते पाहतो आणि हल्ली आणखी एक विचारतो : चावीच्या साखळीला इअरप्लगची डबी अडकवली का? पोरे हसतात. त्यांच्या आया मात्र डबी कुठे मिळते, हे विचारून घेतात.